जावरची वांगी

सोने, चांदी, तांबे, कथील, शिसे, लोखंड आणि पारा. माणसाच्या ओळखीचे जुने धातू मोजायला बसले की ही सात नावे येतात. दोन हजार वर्षांपूर्वी हे सातही बाजारात होते. यादीत जस्त नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत सौम्य आम्लात टाकून हायड्रोजन काढायला आपण जे दाणे वापरतो, पत्र्याला गंज चढू नये म्हणून ज्याचा थर देतात, ते हे जस्त. मुलांना यात आश्चर्य वाटत नाही. एखादा धातू आधी सापडला, एखादा नंतर, त्यात काय विशेष?

विशेष आहे. भूकवचात जस्ताचे प्रमाण शिशाच्या चार-पाच पट आहे. त्याचे खनिज बहुतेक ठिकाणी शिशाच्या खनिजाच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते. ते वापरातही होते, कारण त्यावाचून पितळ होत नाही. आणि रोमन लोक इसवी सनाच्या सुरुवातीपासून पितळेची नाणी पाडत होते. खनिज हाती होते, मिश्रधातू हाती होता, धातू मात्र दिसत नव्हता. युरोपात कारखान्यात जस्त होऊ लागले ते थेट अठराव्या शतकात.

त्याआधी चार-पाचशे वर्षे, उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या एका खोऱ्यात हा धातू रोजच्या रोज गाळला जात होता. त्या गावाचे नाव जावर. तिथे हे कसे जमले, आणि जमलेले पुढे कसे हरवले, ते या लेखात पाहू.

धूर होऊन जाणारा धातू

आधी अडचण नीट समजून घ्यायला हवी. खनिजातून धातू काढण्याची जुनी रीत साधी आहे. खनिज आधी भाजून त्याचे ऑक्साइड करायचे, मग कोळशाबरोबर तापवायचे. कोळसा ऑक्सिजन काढून घेतो, धातू मोकळा होतो, वितळतो आणि जड असल्यामुळे तळाशी जमतो. भट्टी थंड झाली की फोडायची. तांबे असे मिळते, शिसे असे मिळते. लोखंड वितळले नाही तरी त्याचा गोळा हाती लागतो.

जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळशाला सहजासहजी सुटत नाही. त्यासाठी तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर न्यावे लागते. आणि जस्त उकळते ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. ही वाफ भट्टीतल्या वायूंबरोबर वर निघते, हवा लागली की पेटते आणि तिची पांढरी भुकटी होते. ही भुकटी म्हणजे पुन्हा जस्ताचे ऑक्साइडच. भट्टीवाल्याला दिसतो पांढरा धूर, धुराड्यात दिसतो पिंजलेल्या कापसासारखा थर. भट्टी फोडून पाहावी तर तळाशी काही नाही. जस्त शेकडो वर्षे माणसाच्या डोळ्यांसमोर तयार होत होते आणि डोळ्यांसमोर नाहीसे होत होते.

पितळ करणाऱ्यांनी यावर आडवाटेने मार्ग काढला होता. तांब्याचे तुकडे, कोळशाची पूड आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत घालून तापवायचे. सुटणारी वाफ तांब्यातच मुरते. पितळ तयार होते आणि जस्त कोणाला दिसतही नाही. या रीतीने पितळेत साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंत जस्त जाते. तक्षशिलेच्या उत्खननातल्या एका जुन्या भांड्यात सुमारे ३४ टक्के जस्त आढळले, आणि त्यावरून भारतात इ.स.पू. चौथ्या शतकात जस्त धातू वेगळा काढत असले पाहिजेत असे काही अभ्यासक म्हणतात. एका भांड्यावर एवढा मोठा निष्कर्ष टेकवणे मला पटत नाही. जावरचा पुरावा मात्र एका भांड्याचा नाही, टेकड्यांचा आहे.

वाफ धरायची कशी? आमटीवरच्या झाकणाला आतून पाणी सुटते ते सर्वांनी पाहिलेले असते. वाफ थंड जागी गेली की तिचे थेंब होतात. तत्त्व तेच, पण जस्ताच्या बाबतीत अटी कडक आहेत. भांडे बंद हवे, कारण हवा आत आली तर पांढरी भुकटी. भांडे हजार अंशांच्या वर तापले पाहिजे आणि तडकता कामा नये. वाफ जिथे जाईल ती जागा ९०७ अंशांहून पुष्कळ थंड हवी. पण फार थंडही नको, कारण जस्त ४२० अंशांना गोठते आणि वाफ एकदम गार झाली तर तिची पूड होऊन नळीच बुजते. शिवाय वाफेबरोबर कार्बनचे वायू असतात. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला तर तोही थंड होणाऱ्या जस्ताला ऑक्सिजन देऊन बसतो. सारांश असा की एकमेकांपासून हातभर अंतरावर दोन जागा हव्यात, एक अकराशे अंशांची आणि दुसरी पाचशेच्या आसपासची. दोन्ही तासन्‌तास तशाच टिकल्या पाहिजेत. आणि हे सर्व थर्मामीटरशिवाय.

डोंगर आणि दगड

जावरच्या भोवती मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला, बरोई मगरा अशा टेकड्यांच्या रांगा आहेत. मगरा म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर. मधून टिडी नदी वाहते. इथला खडक मुख्यतः डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट. वय दीडशे कोटी वर्षांहून अधिक. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्याच्याशी तुलना करून पाहावी. या डोलोमाइटमध्ये भेगांतून आणि थरांतून धातूंचे सल्फाइड भरलेले आहेत.

त्यातले गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, ओळखायला सोपे. शिशासारखेच करडे, चकचकीत, फोडले की चौकोनी ठोकळे पडतात आणि हातात घेताच वजन जाणवते. त्यात थोडी चांदीही असते. दुसरे स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे सल्फाइड. शुद्ध असेल तर फिकट पिवळसर. लोहाचा अंश जाईल तसे तपकिरी, मग काळे, राळेसारखी चमक असलेले. युरोपातल्या खाणवाल्यांना हा दगड गॅलिनासारखा वाटे, पण त्यातून शिसे निघत नसे. म्हणून जर्मन खाणवाल्यांनी त्याला ब्लेंड म्हटले, म्हणजे फसवणारा. स्फॅलेराइट हे नावही ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ दगलबाज असाच आहे. दगडाचा दोष एवढाच की त्यातल्या धातूची वाफ होत होती! सोबतीला लोहमाक्षिक, म्हणजे लोखंडाचे पिवळे चमकणारे सल्फाइड. डोंगरमाथ्यावर पावसापाण्याने आणि हवेने ही सल्फाइडे कुजून तांबूस गंजलेला खडक झालेला असतो. खाली काय आहे याची ती पाटीच. जुन्या खाणकऱ्यांनी ती वाचली.

केव्हा वाचली? जावरमालाच्या जुन्या खाणींत छत तोलून धरायला लावलेली लाकडे अजून सापडतात. त्यांतल्या कार्बन-१४ च्या मोजमापावरून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत इथे खोल खाणकाम चालू होते असे दिसते. ते बहुधा शिसे आणि चांदीसाठी असावे. खडक फोडायची रीत आगीची: खडकाला लागून लाकडे रचून पेटवायची, तापलेला खडक निवताना तडकतो, मग तो छिन्नीने आणि पहारीने उकलायचा. अशा बोगद्यांच्या भिंती गोलसर आणि गुळगुळीत राहतात. सुरुंगाने फोडलेल्या खाणीच्या भिंती तशा नसतात, त्यामुळे जुने काम कोणते आणि नवे कोणते ते पाहताक्षणी कळते. धूर कोंडलेल्या त्या बोळांत माणसे किती वेळ काम करत असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

देठ खाली, तोंड खाली

आता फळ्यावर एक वांगे काढा, देठ खाली करून. लांबट, फूटभर उंच, चार-पाच इंच जाड. हे मातीचे आहे आणि पोकळ आहे. देठाच्या जागी धोत्र्याच्या फुलासारखी एक मातीची नळी चिकटवलेली आहे, रुंद तोंड वांग्याला आणि निमुळते टोक खाली. ही जावरची मूस. अशा वापरून टाकलेल्या मुशी जावरला लक्षावधींच्या संख्येने पडलेल्या आहेत. त्यांचे ढिगारे टेकड्यांसारखे दिसतात.

मुशीत काय भरत ते आत राहिलेल्या गाळावरून कळते. भाजलेल्या खनिजाची पूड, डोलोमाइट आणि कोळसा होईल असा काही सेंद्रिय माल एकत्र मळून त्याच्या गोळ्या करत. थोडे मीठही घालत असावेत. डोलोमाइटमुळे आतला माल वितळून काचेसारखा होत नाही, गोळ्यांमध्ये फटी राहतात आणि वाफेला वाट मिळते. मूस भरून नळी चिकटवली की ती उलटी करायची. पण उलटी केल्यावर गोळ्या नळीतून खाली पडणार नाहीत का?

या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडते. जळून उरलेल्या मुशी आडव्या कापून पाहिल्या तेव्हा आतल्या गाळाच्या मधोमध एक सरळ भोक आढळले. मूस भरताना मध्ये एक काडी खोचलेली असे. उलटे केल्यावर ही काडी माल धरून ठेवी. भट्टी तापली की गोळ्या एकमेकींना चिकटून जागच्या जागी बसत आणि तोवर काडी जळून जाई; तिच्या जागी राही भोक, आणि त्याच भोकातून वाफ खाली उतरे. एक काडी आधी बूच होते आणि मग वाट होते. कोणा एका दिवशी कोणाला तरी हे सुचले असणार. त्या माणसाचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

भट्ट्या सापडल्या १९८३ साली. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक ही कंपनी यांनी मिळून जुन्या जावरला उत्खनन केले. के. टी. एम. हेगडे, पॉल क्रॅडॉक आणि एल. के. गुर्जर ही या कामातली प्रमुख नावे. ढिगाऱ्याखाली एका ओळीत सात भट्ट्या निघाल्या, काहींत मुशी जागच्या जागी. एकेक भट्टी सव्वादोन फूट लांब-रुंद, दोन मजली. वरच्या मजल्यावर आग, खालचा मजला बंद आणि त्या मानाने थंड. दोन मजल्यांच्या मध्ये मातीच्या चार जाड जाळीदार फरशा. प्रत्येक फरशीत नऊ मोठी भोके, शिवाय राख पडायला बारीक भोके. नऊ चोक छत्तीस. छत्तीस मुशी उलट्या उभ्या करायच्या, त्यांच्या नळ्या मोठ्या भोकांतून खालच्या मजल्यात सोडायच्या आणि वर भोवताली जळण पेटवायचे. वाफ नळीत उतरली की थंड होऊन तिचे थेंब खाली ठेवलेल्या भांड्यात पडत. सात भट्ट्या म्हणजे एका वेळी २५२ मुशी.

आग वर, थंडावा खाली. उष्ण हवा वर जाते हे आपण सहावी-सातवीत शिकवतो. इथे तोच नियम राबवलेला आहे. आग वर ठेवल्यामुळे खालचा मजला आपोआप थंड राहतो. दोन तापमानांचा तो अवघड प्रश्न भट्टीच्या रचनेनेच सुटतो. मघाच्या आमटीच्या झाकणासारखी वाफ वर चढू दिली असती तर तिला आगीतून पार व्हावे लागले असते.

एका मुशीतून जस्त निघे ते फार तर अर्धा किलो. आत गाळ चिकटून बसे, म्हणून मूस एकदाच वापरता येई. म्हणजे दर अर्ध्या किलोला कुंभाराने एक नवी मूस, एक नवी नळी घडवायची. माती अशी मळायची की अकराशे-बाराशे अंशांना चार-पाच तास तग धरेल. खाणकरी, खनिज निवडणाऱ्या, जळण आणणारे, आगीवर नजर ठेवणारे हे सगळे होतेच. पण हातांची संख्या मोजायची झाली तर जावरचा हा उद्योग धातूवाल्यांइतकाच कुंभारांचा होता.

पोथी आणि कारखाना

गंमत अशी की ही क्रिया पोथीत लिहिलेली आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ हा वाग्भटाच्या नावावर असलेला, साधारण तेराव्या शतकातला रसशास्त्राचा ग्रंथ. त्यात रसक म्हणजे जस्ताच्या खनिजाचे सत्त्व काढण्याची कृती आहे. भांडे ‘वृंताक मूषा’: वृंताक म्हणजे वांगे, आणि मूषा म्हणजेच आपली सोनाराची मूस. धोत्र्याच्या फुलासारख्या नळीचे वर्णनही तिथलेच. खनिज कशाबरोबर खलायचे त्याची यादी वाचताना आजीबाईच्या बटव्याची आठवण होते: हळद, हिरडा, राळ, काजळी, क्षार, टाकणखार, बिब्बे. आयुर्वेदातले औषध म्हणून ही यादी पाहिली तर गूढ वाटते. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिली तर यातली बरीच द्रव्ये तापवल्यावर कोळसा होणारी आहेत. भट्टीला हवा होता तो कार्बनच.

त्याच कृतीत एक खूण सांगितली आहे: ज्वाला निळी असते, ती पांढरी झाली की सत्त्व निघू लागले समजावे. हे निरीक्षण अचूक आहे. आधी नळीच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड निळ्या ज्योतीने जळतो. जस्ताची वाफ येऊ लागली की ती पेटून ऑक्साइडचे कण तयार होतात आणि तापलेले कण ज्योत पांढरी करतात. थर्मामीटरचे काम रंगाने भागवले होते. ग्रंथकाराने मिळालेल्या धातूला वंगासारखी, म्हणजे कथलासारखी, चमक असल्याचे म्हटले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे उतारे पुढे आणले होते. जावरच्या मुशी हाती आल्या तेव्हा पोथीतले वांगे प्रत्यक्ष हातात घेता आले.

मग आधी काय, पोथी की भट्टी? जावरच्या जस्ताच्या भट्ट्यांचा काळ साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून मानतात, म्हणजे दोन्ही एकाच सुमाराच्या. रसशास्त्री कारागिराकडून शिकला, की कारागीर रसशास्त्र्याकडून? दोघांत देवघेव असावी असे मला वाटते. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. पोथीत वैद्याच्या गरजेपुरती एखादी मूस आहे. छत्तीस मुशींची जाळीदार फरशी, सात भट्ट्यांची ओळ, आणि ती मधली काडी कारखान्यात जन्मली. पुढे तर एका भट्टीत १०८ मुशी बसतील अशा मोठ्या भट्ट्याही बांधल्या गेल्या.

जस्ताची ओळखही हळूहळू पक्की होत गेली. चौदाव्या शतकातल्या मदनपाल-निघंटूत ‘जसद’ हा स्वतंत्र धातू म्हणून येतो; आपला ‘जस्त’ हा शब्द त्याच घरातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’त जस्ताची खाण अजमेर सुभ्यात असल्याचे सांगतो. मागणी मुख्यतः पितळेची होती. जस्त धातू म्हणून हाती आल्यावर पितळेत तो हवा तेवढा, मोजून घालता येतो. शिवाय बीदरची काळी भांडी! बिदरी काम म्हणजे तांब्याचा थोडा अंश असलेले जस्तच. त्यावर चांदीची तार ठोकून बसवायची आणि क्षारयुक्त मातीने जस्त काळे करायचे.

मेवाडच्या राज्याला जावरचे महत्त्व पुरेपूर माहीत होते. या खाणी राणा लाखाच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीला आणि पंधराव्याच्या आरंभी, सापडल्या असे कर्नल टॉडने लिहून ठेवले. लाकडांचा पुरावा त्याहून दीड हजार वर्षांनी जुना आहे, तेव्हा ‘सापडल्या’ऐवजी ‘भरभराटीला आल्या’ म्हणणे बरे. गावात जैन मंदिरे उभी राहिली. राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने १४९७ मध्ये इथे मंदिर आणि कुंड बांधले. आज ओसाड वाटणाऱ्या या खोऱ्यात तेव्हा पैसा होता.

विझलेली भट्टी

टॉडने दिलेल्या आकड्यांत १७५९ साली जावरचे उत्पन्न २,२२,००० रुपये आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १७५८ मध्ये, मराठी फौजा अटकेला पोचल्या होत्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात अटकेचा पराक्रम असतो. मेवाडच्या बाजूने पाहिले तर तोच काळ शिंदे-होळकरांच्या खंडण्यांचा आणि घरातल्या भाऊबंदकीचा आहे. खोल खाणीला सतत पैसा लागतो, पाणी उपसावे लागते, आधाराची लाकडे बदलावी लागतात. खंडणी भरणारा दरबार ते करू शकत नव्हता. तिकडे बंदरांत चीनचे जस्त येत होते. शेवटी १८१२-१३ चा दुष्काळ आला. माणसे मेली, उरलेली पांगली आणि भट्ट्या विझल्या.

खंडण्या, परदेशी माल आणि दुष्काळ यांतले कोणते कारण किती मोठे, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. पण पुढे जे झाले ते विचार करण्यासारखे आहे. जेम्स टॉड मेवाडात इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी म्हणून आला १८१८ साली, भट्ट्या विझल्यानंतर पाच-सहा वर्षांनी. चौकस माणूस, कागदपत्रे धुंडाळणारा. त्याने आपल्या ग्रंथात जावरच्या खाणी कथलाच्या म्हणून नोंदवल्या. शेकडो वर्षे चाललेल्या उद्योगात कोणता धातू निघत होता, हेही दहा वर्षांत गोंधळाचे झाले होते. कॅप्टन ब्रूक यांनी १८५० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जावरच्या जस्तखाणींवर टिपण लिहिले, पण भट्ट्या पुन्हा पेटल्या नाहीत. पोथी होती, मुशींचे डोंगर होते. माती किती मळायची, काडी केवढी घ्यायची, आग कधी ओढायची हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ती माणसे नव्हती.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. जावर तेव्हा चालू होते. चँपियनच्या भट्टीत मूस वर आणि वाफ तळातल्या नळीने खाली, थंड जागेत. जावरसारखेच! इंग्रज व्यापारी सुरतेला सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होते. तेव्हा ही युक्ती इथूनच गेली, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे असेल. पण दाखवायला एकही कागद नाही. युरोपात इतर पदार्थांसाठी खाली वाफ उतरवण्याची रीत आधीपासून माहीत होती हेही लक्षात घ्यावे लागते. उलट बाजूने, जस्त काढायला वाफ खालीच न्यावी लागते असेही नाही. चीनमध्ये उभ्या मडक्याच्या वरच्या भागात, मडक्यातच, जस्त जमवत. मग चँपियनने खालचीच वाट का निवडली? मुलांपुढे हा प्रश्न उघडाच ठेवावा. चँपियनला त्याचा फायदा झाला नाही हे मात्र नक्की. बाहेरून जस्त आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला, आणि १७६९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

जावरकडे पुन्हा लक्ष गेले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथल्या शिशा-जस्ताच्या खाणी तुटल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची माणसे जावरच्या जुन्या बिळांत उतरली. पुढे मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने खाण चालवली, १९६६ पासून हिंदुस्थान झिंक या सरकारी कंपनीने. २००२ मध्ये तिचे नियंत्रण खासगी उद्योगाकडे गेले. खाणकाम आजही चालू आहे. उदयपूरजवळ देबारीला १९६८ मध्ये जस्त काढण्याचा कारखाना सुरू झाला, त्यात वाफेचा प्रश्नच नव्हता: भाजलेले खनिज सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचे आणि विजेने जस्त पत्र्यावर चढवायचे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जुन्या जावरला धातुशास्त्राच्या इतिहासातले महत्त्वाचे स्थळ म्हणून मान दिला.

उदयपूरची सहल काढणाऱ्या शाळा चित्तोड आणि हळदीघाटी पाहून परततात. जावर तिथून तासाभराच्या वाटेवर आहे. जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंती पाहाव्यात: विटांच्या जागी या वापरलेल्या मुशीच रचून त्या उभ्या केलेल्या आहेत. ढिगाऱ्यातली मूस उचलून घरी आणू नये. तिथेच एखादी फुटकी मूस हातात घ्यावी, उन्हाकडे धरावी आणि आतल्या गाळाच्या मधोमध काडीचे भोक दिसते का ते मुलांना शोधायला सांगावे.